उंबराखालचा सडा म्हणजे कचरा नव्हे

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
तसेच आपल्या सोसायटीतले सगळे सभासद आणि भाडेकरू,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री पावणेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर समितीचा निर्णय आला. 'पावसाळ्यापूर्वीची कामे' या मथळ्याखाली पाच ओळी. मागच्या कंपाउंडमधला उंबर आणि कडुनिंब काढायचा, फाटकाजवळचं ताम्हणाचं झाड काढायचं, मागची मोकळी पट्टी पेव्हर ब्लॉक घालून सपाट करायची आणि तिथे गाड्यांची सोय करायची. कारण एका शब्दात दिलं होतं : कचरा. पानांचा कचरा, फुलांचा कचरा, फळांचा कचरा, पक्ष्यांचा कचरा. सकाळपर्यंत त्याखाली अकरा अंगठे उमटले होते.

मी अंगठा दिला नाही आणि तिथे वादही घातला नाही. जे सांगायचं आहे ते ग्रुपवरच्या चार ओळींत मावणारं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते नोटीस बोर्डावर लावते आहे आणि बाहेरच्यांनाही वाचायला देते आहे, कारण अशा पाच ओळी दर मे महिन्यात पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या ग्रुपवर येतात.

मी बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. १९९१ साली लग्न होऊन या घरात आले. बँकेतल्या नोकरीची सगळी वर्षं मी पहाटे उठून डबे भरले आणि रात्री दिवे लागल्यावर घरात शिरले. मागच्या गॅलरीतून काय दिसतं हे मला पहिली अठरा वर्षं माहीत नव्हतं. ते मला सासूबाईंनी दाखवलं, आणि तेही त्यांची नजर गेल्यावर.

काचबिंदूने २००९ साली त्यांना दिसायचं जवळजवळ बंद झालं. सासूबाई दिवसभर मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसून असायच्या. मी संध्याकाळी आले की विचारायच्या, "आज काय आलंय गं बाहेर?" मला सांगता यायचं नाही. मग त्याच मला सांगायच्या. "निंब मोहरलाय, दुपारपासून वास येतोय." "तांबट बसलाय कुठंतरी, ठोक ठोक चाललंय त्याचं." "उंबर पिकायला लागलाय." हे शेवटचं त्यांना कसं कळतं ते मला बरेच दिवस उमगलं नाही. मग एका रविवारी मी त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसले. पिकलेलं उंबर मातीवर पडलं की 'थप्' असा ओला, बसका आवाज येतो. कच्चं पडलं तर टणक वाजतं. सासूबाई दिवसाला किती 'थप्' ऐकू येतात ते मोजायच्या.

त्या सांगायच्या ते मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले, दुधाच्या हिशेबाच्याच चौकटीत. दूध अर्धा लिटर जास्त, आणि खाली बारीक अक्षरात 'पावशा, पहाटे'. गॅस सिलिंडर लावला, 'धोबी आला', म्हणजे शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी. सासूबाई २०१६ साली गेल्या, पण लिहायची सवय राहिली. ती सगळी कॅलेंडरं सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली आहेत. मंगळवारी रात्री ती खाली काढली आणि दोन दिवस वाचत बसले. या पत्रात मी जे सांगते आहे ते त्या चौकटींतलं आहे, ऐकीव नाही.

उंबराबद्दल सविस्तर लिहिते, कारण काढायच्या यादीत तो पहिला आहे.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात. दुर्मीळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो ते त्यावरूनच. खरं तर ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या आतच शेकडो बारीक फुलं असतात. उंबराच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून चिलटाएवढी मादी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी आत वाढते, आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसरं झाड शोधायला बाहेर पडतात. उंबर फोडल्यावर उडतात ती केंबरं हीच. आपण त्यांना किडे म्हणून नाक मुरडतो, पण ती नसतील तर उंबराला बी धरणार नाही. सगळी उंबराची झाडं एकाच वेळी फळत नाहीत आणि एकच झाड वर्षातून अनेकदा फळतं. त्यामुळे परिसरात दहा-बारा उंबर असले की पाखरांचं कोठार सहसा रिकामं पडत नाही. हे आपल्यामागचं झाड त्या कोठाराची एक कणगी आहे.

गेल्या रविवारी सकाळी सव्वासहाला मी गॅलरीत चहा घेऊन उभी होते. झाड नेहमीसारखं दिसत होतं, पण बुंध्यावर लगडलेल्या उंबरांच्या वरच्या फांद्यांत पानं हलत होती आणि वारा नव्हता. एक शीळ आली, माणसाने घातल्यासारखी. मग एक पान पान राहिलं नाही, त्याला डोकं फुटलं. हरियाल होता. राखी डोकं, हिरवट पिवळं अंग, खांद्यावर जांभळट ठिपका आणि हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे पाय. तो फांदीला उलटा लोंबकळून उंबर तोडत होता. नजर सरावल्यावर मी नऊ मोजले. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि ताम्हण हे राज्याचं फूल. दोन्ही आपल्या कंपाउंडमध्ये आहेत. पुस्तकात चित्र बघून पाठ करायची ही नावं आपल्या पोरांना शाळेच्या बसची वाट बघताना दाखवता येतात.

रात्री त्याच उंबरावर वटवाघळं येतात. कावळ्याचं घरटं यंदाही तिथेच आहे. कोकिळा त्यात आपलं अंडं घालते, आणि कावळी तिच्या पिलाला आपलं म्हणून भरवते, हे मी तीन वेगवेगळ्या वर्षी स्वतः पाहिलं आहे. मे महिना हा घरट्यांचा महिना. झाडं काढायला समितीने नेमका तोच धरला आहे.

आता तक्रारी.

पहिली, निर्णय कसा झाला याबद्दल. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय नव्हता. विशेष सभा बोलावली नाही. इतिवृत्तात ठराव नाही, मी सचिवांकडे विचारून खात्री केली आहे. अंगठ्यांना मतदान म्हणता येत नाही. शिवाय आपण सगळ्यांनी मिळून ठराव केला असता तरी तो पुरेसा नव्हता. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. तो खासगी जागेतल्या, म्हणजे सोसायटीच्या मालकीच्या झाडालाही लागू होतो. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, झाडाची पाहणी, झाडावर नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, लोकांच्या हरकती, हे सगळं होऊन परवानगी मिळाली तरच कुऱ्हाड लावता येते. झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही या कायद्याच्या दृष्टीने तोडणंच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष मानली जातात. आपली इमारत १९८९ ची. ए विंगमधल्या आजोबांनी प्लॉट पाहिला तेव्हाच उंबराला कवेत घेता येत नव्हतं, असं ते सांगतात. मग त्याचं वय किती, हे समितीने कुणाला विचारलं आहे का?

दुसरी तक्रार मागच्या पट्टीची, आणि ही मला सर्वांत जास्त लागली आहे. साठ फूट लांब, पंधरा फूट रुंद. समितीच्या कागदावर ती 'निरुपयोगी जागा' आहे. पहिल्या पावसानंतर दहा-बारा दिवसांत तिथे टाकळा उगवतो. बोटभर उंचीचा असताना, पाच-सहा पानं आली की खुडायचा. भिजवलेली चणाडाळ, कांदा, ठेचलेला लसूण, वरून ओलं खोबरं. जूनमधले निदान दोन दिवस आमच्या घरी हीच भाजी असते, आणि आता सी विंगमधल्या तिघीजणीही खुडायला येतात. मोठा झाला की तो खाण्यातून जातो, पण संध्याकाळी बघा, पानांच्या जोड्या हात जोडल्यासारख्या मिटलेल्या असतात. समोरच्या फ्लॅटमधली सहा वर्षांची मुलगी रोज तिन्हीसांजेला "टाकळा झोपला का" हे बघायला खाली जायची.

श्रावणात जिवतीला लागणारा आघाडा आणि दुर्वा याच पट्टीतून मिळतात. भाद्रपदात कुंपणालगत तेरडा फुलतो, आणि ज्यांच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात ते तिथूनच नेतात. आपल्या सोसायटीच्या गणपतीच्या पत्रीतला माका, आघाडा, दुर्वा वर्षानुवर्षं मागून आलेला आहे. आणि गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, त्या सगळ्यावर तणनाशक फवारलं गेलं. चार दिवसांत पट्टी भाजल्यासारखी करपली. त्या वर्षी मंडपात दुर्वा विकत आणल्या. ज्या मुलीला टाकळा झोपलेला बघायचा असायचा तिला आईने पट्टीत जायला बंदी केली, आणि आईचं बरोबर होतं. औषध फवारलं आहे अशी साधी चिठ्ठीसुद्धा लावलेली नव्हती.

पेव्हर ब्लॉकचं काय होतं हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. २०१७ मध्ये पुढचं अंगण पेव्हरने भरलं. तोवर माझ्या कॅलेंडरवर दर जूनमध्ये 'मृगाचा किडा' अशी नोंद आहे. लाल मखमलीचा तो ठिपका पहिल्या सरींनंतर मातीतून वर यायचा, मुलं त्याला काडेपेटीत ठेवायची आणि मी ओरडून सोडायला लावायचे. २०१७ नंतर पुढच्या अंगणात त्याची एकही नोंद नाही, मागच्या पट्टीत मात्र आहे. पुढच्या अंगणातल्या दोन्ही झाडांच्या खोडाला ब्लॉक अगदी चिकटवून बसवले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत खोडाभोवतीच्या एक मीटर अंतरातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपण इथे बोटभर जागा सोडलेली नाही.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. नऊशे चौरस फूट म्हणजे साधारण ८४ चौरस मीटर. एका जोरदार सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्या पट्टीवर दोन हजार लिटरच्या वर पाणी पडतं. आज त्यातलं बरंचसं मुरतं, आणि आपली बोअरवेल तिथून वीस पावलांवर आहे. उद्या ते फाटकाकडे वाहत येईल, पुढच्या अंगणातलं येतं तसंच. दर एप्रिलमध्ये टँकरच्या बिलावरून सभेत आवाज चढतात, तेव्हा ही पट्टी कुणाला आठवत नाही.

मागच्या भिंतीवरचे चार मोठे एलईडी दिवे रात्रभर जळतात. ते लागल्यापासून दयाळ रात्री अडीचला गायला लागतो. त्याचं गाणं सुंदर आहे, पण ती त्याची गायची वेळ नाही. दोन्ही बाजूंच्या बेडरूममध्ये पडदे लावूनही उजेड येतो. याबद्दल मी दोनदा लेखी अर्ज दिला, पोच आहे, उत्तर नाही.

वाळलेली पानं सकाळी पेटवतात, तेही थांबायला हवं. धुराचा त्रास पहिल्या मजल्यावरच्या दम्याच्या रुग्णाला होतो आणि उघड्यावर पालापाचोळा जाळायला मनाई आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, कारण त्यात तथ्य आहे. सी विंगमधल्या काकांचा पाय गेल्या जूनमध्ये पडलेल्या उंबरांवरून घसरला, मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. मी त्यांना डबा नेऊन देत होते, त्यामुळे त्यांचे हाल मी पाहिले आहेत. पण ते घसरले ते उंबराखालच्या मातीत नाही, शेजारच्या गुळगुळीत फरशीवर. मातीत पडलेलं उंबर मुंग्या, किडे आणि पाखरं दोन दिवसांत संपवतात. फरशीवरचं तुडवलं जातं आणि त्याचा चिखल होतो. पट्टीवर ब्लॉक बसले तर घसरायची जागा कमी होणार नाही, वाढेल. दुसरं, उंबराखाली ज्यांची गाडी लागते त्यांच्या टपावर रोज फळं आणि विष्ठा पडते. रोज सकाळी पुसायला कंटाळा येणारच. त्यांच्यासाठी माझा प्रस्ताव आहे : इमारतीखालची माझी झाकलेली पार्किंगची जागा त्यांनी घ्यावी, मी माझी गाडी उंबराखाली लावते. हे मी त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगितलं आहे आणि लेखी द्यायलाही तयार आहे.

फुलांना कचरा म्हणणं मात्र मला मान्य नाही. आपल्या भाषेत झाडाखाली पडलेल्या फुलांना सडा म्हणतात. ताम्हणाच्या जांभळ्या पाकळ्या हाताने चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या असतात, फाटकाशी त्यांचा थर साठतो तेव्हा आपले सुरक्षारक्षक दादा झाडू मारण्याआधी पाच मिनिटं तिथे खुर्ची टाकून बसतात. त्यांना विचारा. कडुनिंबाची तर गोष्टच वेगळी. याच पाडव्याला तिन्ही विंगमधल्या गुढ्यांना डहाळ्या या एकाच निंबाच्या होत्या. सकाळी सहापासून खाली रांग होती, ज्यांनी मंगळवारी अंगठा दिला त्यांतले काहीजण त्या रांगेत माझ्या पुढे उभे होते. चैत्रात त्याचा मोहोर रात्री जास्त दरवळतो. त्या वासाने सासूबाई झोपेतून जाग्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "चैत्र लागला."

तुम्ही म्हणाल, एवढंच असेल तर रविवारी टेकडीवर जा, उद्यानात जा. मी जाते. पण पंच्याऐंशीच्या माणसाला टेकडी चढवत नाही, तान्हं मूल घेऊन बसलेल्या बाईला उद्यानाची वेळ साधत नाही, दोन पाळ्या करून झोपायला घरी येणाऱ्याला तर रविवारही नसतो. त्यांच्यापर्यंत ऋतू पोचतो तो खिडकीतून. त्या खिडकीसमोर काय असावं हे ठरवायचा अधिकार समितीकडे आहे, म्हणून तो जपून वापरा अशी माझी विनंती आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. तिन्ही झाडं काढण्याचा निर्णय तात्काळ स्थगित करावा. कंत्राटदाराला तसं लेखी कळवावं आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावावी.

२. योग्य मुदतीची सूचना देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. झाडं आणि मागची पट्टी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्र घ्यावा, 'आयत्या वेळचे विषय' यात नाही. भाडेकरूंना मत नसलं तरी बोलू द्यावं.

३. वृक्ष अधिकाऱ्यांना बोलावून तिन्ही झाडांची पाहणी करून घ्यावी. उंबराच्या वयाची नोंद व्हावी. एखादी फांदी धोकादायक असेल तर तेवढीच, परवानगी घेऊन, घरट्यांचा मोसम संपल्यावर छाटावी. वीजवाहिनीला टेकलेली निंबाची फांदी मलाही काळजीची वाटते, तिचं आधी बघावं.

४. मागची पट्टी माती म्हणूनच ठेवावी. येण्याजाण्यासाठी दोन फुटांची वाट खडी घालून करावी, जेणेकरून काकांसारखं कुणी घसरणार नाही. पुढच्या अंगणातल्या दोन्ही झाडांभोवतीचे ब्लॉक एक मीटरपर्यंत काढावेत.

५. तणनाशक यापुढे फवारू नये. गवत वाढलं तर कापावं.

६. मागचे दिवे रात्री अकरानंतर बंद ठेवावेत, किंवा माणूस आला की लागतील असे बसवावेत. पानं जाळणं बंद करून निंबाच्या मागे एक खड्डा करावा. त्यात पाला साठवायचं आणि खत करायचं काम मी आणि सी विंगमधल्या त्या तिघी करू, मजुरीचा खर्च सोसायटीवर पडणार नाही.

यातल्या कुठल्या मागणीला किती खर्च येईल हे सांगितलंत तर माझा वाटा मी आगाऊ भरेन. सभेत मी सगळी कॅलेंडरं घेऊन येईन, कुणालाही चाळता येतील. त्यांत तुमच्यापैकी काहींच्या मुलांची अक्षरंही सापडतील. २०१३-१४ च्या सुट्ट्यांत ती सासूबाईंजवळ बसून त्यांच्यासाठी नोंदी करायची. 'आज्जीला भारद्वाज ऐकू आला, मला दिसला' असं एका चौकटीत लिहिलेलं आहे. ते अक्षर आपल्या आताच्या खजिनदारांच्या मुलाचं आहे.

उंबर अजून आठ-दहा दिवस पिकत राहील. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता समितीतल्या सर्वांनी माझ्याकडे यावं. लिफ्ट बंद असली तरी दुसराच मजला आहे. दार उघडंच ठेवते, चहा तयार असेल. गॅलरीत एका वेळी पाचजण उभे राहू शकतात. बोलायचं मात्र हळू, हरियाल लगेच उडतात.

आपली,
बी विंग, दुसरा मजला, मागची गॅलरी